ठकीची खुर्ची

ठकीच्या आईचं इस्त्रीचं दुकान घरातच होतं. पुढच्या खोलीत टेबल, त्यावर तापलेली इस्त्री, खाली लोंबणारी वायर आणि भिंतीला टेकून कपड्यांचे गठ्ठे. अशा घरात रांगतं पोर म्हणजे जिवाला घोर! म्हणून ठकी सकाळी पाळणाघरात, आणि दुपारी घरी आली की पट्टा लावून उंच खुर्चीत. खुर्चीतून मोरीत, मोरीतून अंथरुणात. आपल्या लेकीला कधी एक चटका बसला नाही, हे आई गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची. ते खरंही होतं.

बरोबरीची पोरं धावायला लागली तरी ठकी चालेना, तशी आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पाय तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं. तरी इस्त्री फिरवता फिरवता ती खुर्चीतून लोंबणाऱ्या त्या पायांकडे बघत राहायची.

एक दिवस वीज गेली. इस्त्री थंड पडली, म्हणून आई वेळेआधीच पाळणाघरात पोचली. दार उघडंच होतं. आत ठकी हातात चेंडू घेऊन खोलीभर तुरुतुरु चालत होती!

आईने हर्षाने हाक मारली. ठकीने वळून पाहिलं, चेंडू टाकला, मटकन खाली बसली आणि उचलून घ्यायला दोन्ही हात वर केले.

आईने तिला उचलून घेतलं. "कधीपासून चालतेय ही?" तिने पाळणाघराच्या मावशींना विचारलं.

मावशी ओशाळल्या. पोराचं पहिलं पाऊल पाळणाघरात पडलं, तरी त्या कुठल्याच आईला सांगत नसत. पोर घरी चाललं की आई नाचत सांगायला यायची, आणि मावशी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करायच्या. ठकीच्या आईची त्यांनी फार वाट पाहिली होती.

"सांगायला हवं होतं, चुकलंच माझं," मावशी म्हणाल्या. "पण ताई, घरी तुम्ही तिला खाली कधी सोडता?"

"तिने वायर ओढली म्हणजे?"

"मग थोडा वेळ इस्त्री बंद ठेवा. कपडे उद्याही चुरगळलेलेच असतील. ही उद्या एवढीच नसेल."

संध्याकाळी वीज आली. गठ्ठे तसेच पडले होते. आईने इस्त्री वर फळीवर ठेवली, ठकीला फरशीवर सोडलं आणि समोर बसून हात पसरले.

ठकी उभी राहिली. घरातली तिची पहिली पावलं! पण ती आईकडे आली नाही. शहाण्यासारखी खुर्चीपाशी गेली आणि वर बसवायची वाट बघत उभी राहिली.

आई तिला छातीशी धरून हमसून हमसून रडली. तिचा नवरा गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवून आला तेव्हा दोघांनी ठरवून टाकलं: रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत इस्त्री बंद. चार गिऱ्हाइकं तुटली तर तुटली. खुर्ची दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली.

वाचकहो, पोटापाण्याचं काम कुणाला सुटलंय? लेकराला जपायलाही हवंच. पण आपल्या कामाच्या सोयीलाच आपण जपणं म्हणू लागतो, तिथे घात होतो. रोज थोडा वेळ काम बाजूला ठेवा, लेकराला मोकळं सोडा आणि त्याच्याजवळ बसा.

ठकी आता घरभर हिंडते. पण इस्त्री तापल्याचा वास आला की अजूनही, कुणी न सांगता, खुर्ची होती त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते.