चुन्याचे गोल

खर्र करून आवाज आला आणि ममताचे हात लेकीच्या वेणीत थांबले.

सासू देवळात गेली होती, सासरा ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. घर इतकं शांत होतं की चुलीतली राख खाली बसताना ऐकू यावी. पुन्हा खर्र. चुलीमागे पाणी भरायचा ॲल्युमिनियमचा मोठा गंज होता, गंजावर परात, परातीवर वरवंटा. आतून नखं फिरत होती.

"आई, ते उठलं," समीक्षा म्हणाली. "त्याले भूक लागली असंल."

"हलू नोको. वेणी सुटते."

समीक्षा सहा वर्षांची. पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. विचारात पडली की त्या फटीतून जिभेचं टोक बाहेर यायचं. आता तेच झालं होतं. अंगात पिवळा नवा फ्रॉक होता, तिच्या आजोबांनी, आबाजींनी, घाटंजीच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेला. आज तिचा मान होता.

जांभूळडोहच्या तलावावर मासे धरून भोयांची सात घरं जगत आली. त्यांतल्या पहिल्या घरात तिसऱ्या पिढीचे डोमाजी, म्हणजे समीक्षाचे आबाजी, त्यांचा मुलगा अक्षय आणि अक्षयची बायको ममता. या तलावाची एक रीत होती. पाळीला, म्हणजे बांधाला, किंवा काठाला कोणतंही बांधकाम निघालं की पायाच्या खड्ड्यात तलावातलं जिवंत कासव घालायचं. ते भोयाच्या पहिल्या घरानं धरायचं आणि त्याच घरातल्या कुमारिकेनं आपल्या हातानं खड्ड्यात ठेवायचं. एरवी देवळाच्या पायरीखाली उभ्या राहणाऱ्या डोमाजींना त्या दिवशी गाव हार घालायचं. उभ्या आयुष्यात त्यांना तसा हार दोनदा मिळाला होता. एकदा पाळीच्या दुरुस्तीला, एकदा सांडव्याला. सांडव्याच्या वेळी त्यांची धाकटी बहीण कुमारिका होती. ती पुढे कधी तलावाकडे फिरकली नाही, हे मात्र ते कुणाला सांगत नसत.

आता तिसरा हार आला होता. तलावाचं सुशोभीकरण निघालं होतं. घाट, फरशीची पायवाट, दिव्यांचे खांब आणि फोटो काढायला एक छत्री. भोयांच्या डोंग्या कुठं लागणार, हे नकाशात नव्हतं. ज्या काठावर लव्हाळं होतं, टिटवी खड्यांत अंडी घालायची आणि कासवं चिखलातून वर येऊन माती उकरायची, तो काठ नकाशात 'मोकळी जागा' म्हणून दाखवला होता.

ती जागा मोकळी नव्हती, हे ममताला ठाऊक होतं. मागच्या पंधरवड्यात धुणं धुताना समीक्षानं तिला हात धरून नेलं होतं. ओल्या मातीत कासवाच्या घरट्यांची तीन ठिकाणं होती, वर पायांनी थापटून सारखी केलेली. एका जागी माती थोडी सरकली होती आणि आत पांढरी, गोल अंडी. समीक्षा पोटावर पालथी पडून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"यायची आई कुठं गेली?"

"पाण्यात."

"मग यायले झाकून कोण ठेवते?"

"मातीच ठेवते."

त्याच दुपारी ममता अंगणवाडीच्या विमलताईंकडे गेली. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "कायद्यानं त्यायले हात लावता येत नाही. मी वनखात्याले अर्ज लिहून देतो. साहेब येईपर्यंत जागेवर खूण करून ठेव, म्हणजे मजुरांचा पाय पडणार नाही." ताईंनी अर्ज खरंच लिहिला. साहेब उद्या येणार होते, मग सोमवारी येणार होते.

खूण कशाची करावी? काड्या रोवल्या तर बकऱ्या पाडतात. फडकं बांधलं तर पोट्टे ओढून नेतात. ममतानं दिवाळीच्या रंगरंगोटीतला उरलेला चुना काढला. माय-लेकी तलावावर गेल्या आणि घरट्यांभोवती चुन्याचे तीन गोल काढले. तिसरा समीक्षानं एकटीनं काढला. वाकडा झाला, म्हणून तिनं त्याच्या कडेनं पाकळ्या काढल्या. अक्षयला ममता काही बोलली नाही. तो ठेकेदाराकडे मुकादम होता. अंड्यांचं ऐकलं असतं तर तो हसला असता आणि चार माणसांत सांगून आणखी चौघांना हसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच जेसीबी काठावर आला. ममता अक्षयचा डब्बा घेऊन पोचली तेव्हा तीन खड्डे खोदून झाले होते. ढिगाऱ्यातल्या मातीत पांढऱ्या सालींचे तुकडे होते आणि त्यांवर कावळे उतरले होते.

"इथं कायले खोदलं, भाऊ?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

ड्रायव्हरनं गुटख्याची पुडी फाडली. "चुना टाकला व्हता ना, ताई. जिथं चुना तिथं खड्डा. आमाले एवढंच समजते."

ती डब्बा तिथंच ठेवून घरी आली. समीक्षा अंगणात खेळत होती. ममतानं तिला आठ दिवस तलावाकडे जाऊ दिलं नाही. पाणी खराब झालंय म्हणून सांगितलं. पोरीनं ते मानलं.

"सूनबाई, झालं काय?" आज वेणी पुरी होते तोच ओसरीवरून डोमाजींनी हाक दिली. "सरपंच येऊन बसले असतील खड्ड्यापाशी."

ममता बाहेर आली. "मामाजी, एक बोलू?"

"बोल."

"समूच्या हातानं नोको. लहान हाय ते. जन्मभर लक्षात राह्यते असं."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "मानाले नाही म्हणता येत नाही, बाई. तलाव आता त्यायचाच होऊन राह्यला. एवढा मान तं राहू दे आपल्याजवळ."

तेवढ्यात सासू आली. तिनं तेवढंच ऐकलं. "चार बुकं शिकून आली तं आमाले शिकवून राह्यली. तुह्या बापाच्या घरी कोणी हार घातला व्हता का कोणाले?"

लेकीचा हात धरून ममता सगळ्यांच्या मागून निघाली. पुढे डोमाजी, त्यांच्या डोक्यावर गंज आणि गंजातून ती नखांची खर्र.

काठावर मांडव होता. सरपंच पंजाबराव, ठेकेदार, गावातली माणसं. बायका एका बाजूला, त्यांत पंजाबरावांची सून आणि तिच्या कडेला चिकटलेली निकिता, समीक्षाच्याच वर्गातली. समीक्षानं तिला हात केला. निकितानं आईच्या पदरात तोंड लपवलं.

"घाटाचा पाया अजून आखायचा हाय," ठेकेदार सांगत होता. "पण हा खड्डा तयारच हाय. पूजा इथंच उरकू, वरती छत्री बसवू."

ममतानं खड्ड्याकडे पाहिलं. काठाच्या मातीत अजून चुन्याची एक अर्धी पाकळी उरली होती.

डोमाजींच्या गळ्यात हार पडला. कासवाला हळद-कुंकू लावलं. त्याच्या पाठीवर वल्ह्याची जुनी खोक होती. आत घेतलेलं डोकं त्यानं एकदा बाहेर काढलं, कुंकवाला भिऊन पुन्हा आत घेतलं. समीक्षाच्या ओंजळीत ते मावेना. डोमाजींनी खालून हात दिला.

"आबाजी, याले इथं सोडू?"

"हो माय. ठेव."

"मग ते पाण्यात कसं जाईन? पाणी तं तिकडं हाय."

कुणीतरी हसलं. मागं सिमेंट-गिट्टीचा मिक्सर घरघरत होता. समीक्षानं मिक्सरकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. जिभेचं टोक दातांच्या फटीतून बाहेर आलं. तिला समजायला एवढा वेळ पुरला.

"आई," ती म्हणाली. एवढंच.

ममता पुढं झाली. लेकीच्या हातातलं कासव तिनं आपल्या हातात घेतलं. ते जड होतं, गार होतं.

"माही पोरगी ठेवणार नाही."

अक्षय धावत आला. "ममता, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे." ती पंजाबरावांकडे वळली. "काकाजी, एवढा मोठा मान हाय. या बारीनं तुमच्या घरी घ्या. निकिता कुमारिकाच हाय."

पंजाबरावांच्या सुनेनं निकिताला झटकन मागं ओढलं. इतक्या झटकन की पोरीच्या हातातला फुगा सुटला. सगळ्यांनी ते पाहिलं. पंजाबराव खाकरले.

"आमच्यात नाही चालत तसं. जीव घ्यायचं काम भोयाचं. पाप ज्याचं त्यालेच लागावं, अशी रीत हाय."

हार गळ्यात घेऊन उभे असलेले डोमाजी हे ऐकत होते. सत्तर वर्षं ज्याला मान म्हणत आले, ते गावानं आज पहिल्यांदा त्याच्या खऱ्या नावानं सांगितलं होतं. ममताला वाटलं, आता तरी म्हातारा हार काढून फेकील.

डोमाजींनी तिच्या हातातून कासव घेतलं. पाय धुवायला पाण्यात उतरावं तसे सावकाश खड्ड्यात उतरले. त्यांनी ते सरळ ठेवलं, पाण्यात सोडतात तसं, तोंड तलावाकडे करून. वर यायला अक्षयनं त्यांना हात दिला, आणि म्हाताऱ्याचा पाय काठावर पडताच अक्षयनंच मिक्सरवाल्याला खूण केली.

सिमेंटचा राखाडी गारा खाली उतरला. एकदा वरचा थर हलला. मग हलला नाही.

"तुहं तू पाह्य," सासू ममताला म्हणाली, "या घरात आता कोणत्या तोंडानं येतं ते." टाळ्या वाजल्या, प्रसाद वाटायला सुरुवात झाली.

ममता लेकीला घेऊन पाळीवर आली. विमलताईंकडे जायचं, अर्जाची नक्कल घ्यायची आणि दारव्ह्याला असो की यवतमाळला, जो कुणी साहेब असेल त्याच्या दारात बसायचं, हे तिनं ठरवलं होतं. आज काय झालं ते नावानिशी सांगायचं. सासऱ्याचं नाव, नवऱ्याचं नाव. त्यापुढचं तिनं काही ठरवलं नव्हतं. दोन खड्डे अजून उघडे होते. लव्हाळ्यापलीकडे टिटवी ओरडत होती.

समीक्षा मागं वळून पाहत चालत होती. पिवळ्या फ्रॉकवर पोटाशी हळदीचा आणि चिखलाचा डाग होता, कासवाएवढा.

"आई."

"हं."

"तो खड्डा माह्या गोलावर हाय. माही पाकळी दिसली मले."

ममता थांबली. तिनं लेकीच्या सुटलेल्या वेणीत बोटं घातली आणि उगीच पेड सारखे करू लागली.

"आपून गोल काढलेच नसते," समीक्षानं विचारलं, "तं अंडी राह्यली असती का वं?"