करडीनं सांगितलं

रविवारी सकाळी साडेनऊलाच कुंपणाशी माणसांची भिंत उभी राहिली होती. पुढे चाकाच्या खुर्च्या, त्यांच्या मागे आया, आयांच्या मागे बाप, आणि बापांच्या खांद्यांवर धडधाकट धाकटी भावंडं. एरवी अपंग मुलांसाठी जनावरं पाळलेल्या या शेतावर पाऊल टाकलं की पोरं आधी सशांकडे धावायची, शेळ्यांना पाला भरवायची, बदकांच्या मागे लागायची. आज सशांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे एका घोडीवर लागले होते.

घोडी करडी, वयानं उतरलेली, पोटात सुटलेली. तिच्यासमोर लाकडी कठड्यावर दहा पाट्या ओळीनं टांगलेल्या: हो, नाही, आई, बाबा, पाणी, भूक, चेंडू, झोप, दुखतंय, भीती. शेजारी पांढरी शाल पांघरलेल्या माई. दोर त्यांच्या हातात, पण इतका सैल की मध्ये झोळ पडलेला.

"नीट बघून घ्या, मी दोर ओढत नाही," माई मधाळ आवाजात म्हणाल्या. "मी कोण ओढणारी? मी नुसती पोस्टमन. पत्र लेकराचं, वाचणार करडी. लेकराच्या मनातून लहरी निघतात. त्या तुम्हाआम्हाला ऐकू येत नाहीत. शिक्षण आडवं येतं ना!"

शिकलीसवरली माणसं माना डोलवत होती.

त्या माना डोलवणाऱ्यांत ठमीची आईही होती. खरं तर ती अशा ठिकाणी मान डोलवायची नाही. ती वजनमापांच्या कचेरीत तपासनीस होती. दुकानादुकानांतून हिंडून तराजू तपासायचे, पारड्याखाली चिकटवलेलं लोखंड शोधायचं, हे तिचं रोजचं काम. भाजीवाले तिला लांबून बघूनच सरळ व्हायचे. पण दुसऱ्यांच्या काट्यातली खोट काढणाऱ्या या बाईचा स्वतःचा काटा एका जागी अडकला होता. ठमी नऊ वर्षांची झाली होती आणि तिनं आजवर एक शब्द उच्चारला नव्हता.

शेतावर ते चार महिन्यांपासून येत होते. आधी माई नव्हत्या, पाट्या नव्हत्या. शेताच्या कारभाऱ्यांनी ठमीच्या हातात खरारा दिला होता आणि ती करडीच्या अंगावरून तो फिरवत राहिली होती, अर्धा तास, न ओरडता, हात न झटकता. त्या दिवशी ती घरी येऊन शांत झोपली. चमत्कार त्यात काहीच नव्हता. ऊबदार जनावर, एकच एक हालचाल, गर्दी नाही. पण आईला तेवढंही पुष्कळ होतं.

मग माई आल्या. पहिल्याच रविवारी करडीनं ठमीच्या कपाळाला नाक लावलं, कठड्यापाशी चालत गेली आणि 'आई' या पाटीवर तोंड टेकवलं. ठमीची आई होती तिथेच गवतात बसली आणि हमसून हमसून रडली. नऊ वर्षं ज्या हाकेसाठी कान टवकारून बसली होती, ती हाक अखेर आली होती. घोडीच्या तोंडून का होईना.

आजचा हा तिसरा रविवार. माईंनी विचारलं, "करडे, लेकराच्या मनात काय सलतंय?"

करडी निघाली. 'भीती'पाशी थांबली. नाक लावलं. माईंनी कौतुकानं तिला मूठभर दाणे भरवले. "कुणाची गं बाई?"

करडी मागे फिरली आणि 'बाबा' या पाटीपाशी थांबली.

कुंपणाशी कुजबुज उठली. ठमीचे बाबा ठमीची पाण्याची बाटली हातात धरून तिथेच उभे होते. बस चालवणारा, अंगानं आडवा माणूस. त्यांना आधी कळलंच नाही. मग शेजारच्या एका बाईनं आपलं पोर त्यांच्यापासून बाजूला ओढून घेतलं, तेव्हा कळलं.

"बापाची सावली काही दिवस लांब ठेवा," माई हळूच आईला म्हणाल्या. "आणि ती चित्रांची वहीही बंद करा. करडीचा आवाज असताना पोरीला कागद कसले दाखवता?"

चित्रांची वही शाळेतल्या बाईंनी करून दिली होती. पाणी हवं तर पाण्याच्या चित्रावर बोट, भूक लागली तर ताटलीच्या. वर्षभर मेहनत करून ठमी अकरा चित्रांवर बोट ठेवायला शिकली होती. ती वही आईनं कपाटावर टाकली.

घरी आल्यावर ती नवऱ्याशी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. ते बघणं पुरेसं होतं. त्यांनी पिशवीत दोन शर्ट टाकले. दारात थांबून म्हणाले, "केस धुताना तिच्या कानात पाणी जाऊ देऊ नकोस." आणि डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत राहायला गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी साडेसातला, बाबांची यायची वेळ झाली की ठमी दाराशी जाऊन उभी राहायची. पावणेआठला दारावर कपाळ आपटायला लागायची. आईनं माईंना फोन केला. माई म्हणाल्या, "भीती निघून जाताना असंच होतं." चार दिवसांनी ठमी दाराशी गेलीच नाही, भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. आईनं पुन्हा फोन केला. माई म्हणाल्या, "बघा, भीती गेली."

फोन ठेवल्यावर ठमीच्या आईनं मनात हिशेब मांडला. डोकं आपटलं तरी माई खऱ्या, नाही आपटलं तरी माई खऱ्या. पारड्यात काहीही टाका, काटा एकाच जागी. असा तराजू दुकानात सापडला असता तर तिनं जागच्या जागी जप्त केला असता.

बुधवारी रजा टाकून ती ठमीला शेतावर घेऊन गेली. गर्दी नव्हती. तबेल्यात एक म्हातारे नालबंद करडीचा पाय मांडीवर घेऊन खूर तासत होते. ठमीनं खरारा उचलला आणि कामाला लागली.

"काका, ही घोडी मनातलं ओळखते का हो?" आईनं विचारलं.

"ओळखते की," नालबंद खूर न सोडता म्हणाले. "माझ्या मनात पाय उचलायचं आलं की पाय उचलते. कारण मी आधी वाकतो ना! घोडं माणसाचा खांदा बघतं बाई, चेहरा नाही. तुमचा खांदा बोटभर खाली आला तरी त्याला कळतं. पन्नास वर्षं लाथा खाऊन शिकलोय मी."

"म्हणजे माई..."

"कोणत्या माई, कसल्या माई, ते मला ठाऊक नाही. रविवारी मी नसतो. पण ही करडी आधी खेळवाल्यांकडे होती. प्रेक्षकांचं वय खूर आपटून सांगायची. चाळीस वर्षांच्या बाईचं तीस सांगायची, म्हणून फार लोकप्रिय होती."

ठमीच्या आईला हसू आलं नाही. पाटी कुठली ते खांद्यावरून कळेल. पण माईंना आमच्या घरातलं कसं कळलं? आणि मग तिला फाटक आठवलं. दर रविवारी फाटकाशी एक बाई फॉर्म भरून घ्यायची. पहिल्या फॉर्मात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'एकदाही आई म्हणाली नाही.' तिसऱ्या फॉर्मात: 'हल्ली बाबा घरी आले की कानांवर हात ठेवते.' करडीनं जे जे सांगितलं, ते ते आधी तिच्याच पेनातून उतरलं होतं.

तराजू खरा की खोटा, हे बघायचं तर त्यात ज्याचं वजन आपल्याला पक्कं ठाऊक आहे तेच ठेवायचं. पुढच्या रविवारी तिनं फॉर्मात लिहिलं: 'ठमीचा आवडता चेंडू हरवला. आठवडाभर रडतेय.'

तिच्या सांगण्यावरून नालबंदही आले होते, हातात चामड्याची झापडं घेऊन.

माईंनी क्षणभर डोळे मिटले, शाल सावरली. "करडे, लेकराला काय हवंय?"

दोर सैल धरलेल्या माईंबरोबर करडी चालत गेली. आई या वेळी घोडीकडे बघत नव्हती, माईंच्या खांद्याकडे बघत होती. सातव्या पाटीपाशी शाल जराशी खाली आली. करडीनं 'चेंडू'वर नाक टेकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"माई," ठमीची आई पुढे होऊन म्हणाली. "आमच्या घरात चेंडू नाही. कधीच नव्हता. ठमीला चेंडू आवडत नाही, अंगावर आला की ती किंचाळते. ते मी खोटं लिहिलं होतं."

माई हसल्या. "अहो, जो चेंडू मिळालाच नाही त्याचीच तर ओढ असते!"

"बरं, मग झापडं बांधू," नालबंद म्हणाले. "लहरी कानानं ऐकते ना ती? डोळ्यांचं काय काम?"

माई नको म्हणेपर्यंत त्यांनी करडीच्या डोळ्यांच्या बाजूंना झापडं चढवली. माईंनी विचारलं, पुन्हा विचारलं. करडी कठड्यालगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, थांबली, 'झोप' आणि 'दुखतंय'च्या मधला खांब चाटू लागली.

"अविश्वासाच्या लहरींनी बावरलीय ती!" माई कडाडल्या. आवाजातला मध आटला होता.

"बावरली नाही. दाणे कुठे मिळणार ते दिसत नाही तिला," नालबंदांनी झापडं काढली. "या बाई, आता तुम्ही उभ्या राहा."

ठमीच्या आईनं दोर हातात घेतला, सैल सोडला, आणि करडीबरोबर पाट्यांसमोरून चालू लागली. हो, नाही, आई. चौथ्या पाटीशी तिनं खांदा बोटभर खाली आणला.

करडीनं 'बाबा'वर नाक टेकवलं आणि दाण्यांसाठी तिचा तळहात हुंगला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढं सोपं होतं ते. एवढ्याशा हालचालीवर तिनं आपलं घर मोडलं होतं.

माई शाल गुंडाळून फाटकाकडे निघाल्या, त्यांच्यामागे फॉर्मवाली. कारभारी खाली मान घालून उभे होते. गर्दी वाढतेय म्हणून त्यांनीही तोंड मिटून घेतलं होतं. पण लोक माईंवर चिडले नाहीत. एका चाकाच्या खुर्चीमागे उभा असलेला बाप ठमीच्या आईवर ओरडला, "तुमचं समाधान झालं ना? आमचा मुलगा गेल्या आठवड्यात बोलला होता! पहिल्यांदा!" आणि तो रडायला लागला. ठमीची आईही त्याच गवतात बसून तशीच रडली होती.

ठमीला शेजारणीकडे सोडून ती तडक डेपोत गेली. ठमीचे बाबा बाकावर बसून जेवत होते. तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांचा घास हातातच राहिला.

"मग ती कानांवर हात का ठेवते?" शेवटी तिनं विचारलं.

"चाव्या," ते म्हणाले. "मी आल्या आल्या चाव्यांचा जुडगा टेबलावर टाकतो, त्याचा आवाज तिला सहन होत नाही. महिन्यापूर्वीच माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून खिशात धरून येतो. कधीकधी विसरतो."

"मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस?" त्यांनी डबा बंद केला. "घोडीला विचारलंस. मला नाही विचारलंस. ठमीलाही नाही. वही तर तू कपाटावर टाकलीस."

ते त्या संध्याकाळी घरी आले. ठमी दाराशी नव्हती. तिला पुन्हा दाराशी यायला आठ दिवस लागले. वहीतल्या अकरा चित्रांपैकी चार ती विसरली होती. ती पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागत आहेत. रविवारी तिघं शेतावर जातात, ठमी करडीला खरारा करते, करडी डोळे अर्धवट मिटून उभी राहते. पण ठमीला उचलून घेण्याआधी तिचे बाबा अजून एकदा बायकोकडे बघतात, उचलू का, असं विचारल्यासारखं. ती नजर कधी जाईल, ते कुणी सांगू शकत नाही.

घोडीला आपली भाषा येत नाही, यात घोडीचा काही कमीपणा नाही. तिच्या अंगाला ऊब आहे, तेवढं तिनं खरंखुरं दिलं. बाकीचं आपण तिच्या तोंडी घातलं. दुःखी माणसाला जे ऐकायचं असतं, ते ऐकवणारा त्याला हमखास भेटतो. म्हणून दुःखात असताना तर शंका जास्तच घ्यावी. कुणी म्हणालं, मला मनातलं कळतं, तर त्याला फक्त तुम्हालाच ठाऊक असलेली गोष्ट विचारा आणि गप्प उभे राहा. आणि आपल्या माणसाविषयी काही जाणून घ्यायचं असेल, तर आधी त्या माणसाजवळ बसा. उत्तर उशिरा येईल, बोटानं येईल, कदाचित वर्षभरानं येईल. पण ते त्याचं स्वतःचं असेल.