तळहातावरची दुसरी रेषा

"उमटली! उमटली!"

गोदामामागच्या अंगणात एकच गिल्ला झाला. एका बापाने आपल्या लेकीचा हात उन्हात उंच धरला होता आणि त्या कोऱ्या तळहातावर, कुणी बोटही न लावता, एक काळपट रेषा हळूहळू उगवत होती. बायका रडायला लागल्या. एका आजोबांनी तिथेच सिमेंटवर लोटांगण घातलं. अंगणाच्या कडेला, जाड कापडी छताच्या सावलीत, पांढरे हातमोजे घातलेले रेषामहाराज डोळे मिटून खुर्चीत बसले होते. डोळे मिटलेले म्हणजे एक मिटलेला. दुसरा किलकिला होता आणि रांग किती उरली ते बघत होता.

रांगेत ताई उभी होती. नववीतली, शंका आली की गप्प न बसणारी. तिचं बोट धरून तिचा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा. दिसेल त्याला "टाळी दे!" म्हणायचा, म्हणून सगळे त्याला टाळ्याच म्हणायचे. टाळ्याला डाऊन सिंड्रोम होता. त्याच्या हृदयात एक भोकही होतं आणि ते बुजवायचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं.

ठरलं होतं, आणि आता मोडत होतं. कारण आत्या.

"सोन्यासारख्या लेकराची छाती कशाला फाडता? महाराजांची रेषा उमटली की भोक आपोआप भरतं म्हणे," आत्याने पप्पांना पढवलं होतं. पप्पा मोबाईल हातात घेऊनच आले होते. रेषा उमटली की लगेच हॉस्पिटलला फोन, ऑपरेशन रद्द.

"वहिनी, पोटुशी असताना त्या झेरॉक्सच्या दुकानात दिवस-दिवस उभी राहायचीस," आत्या आईला म्हणाली. "मशीनचा तो हिरवा उजेड पोटावर घ्यायचीस. मी तेव्हाच सांगत होते."

आईने खाली बघितलं. पाच वर्षं ती अशीच खाली बघत होती.

टाळ्याचा नंबर आला. महाराजांनी त्याची हनुवटी चिमटीत धरली, तोंड उघडायला लावलं आणि बाजारात बैलाचे दात दाखवावेत तशी त्याची जीभ लोकांना दाखवली. हातमोज्यांना शिळ्या घामाचा आणि अत्तराचा वास येत होता.

"बघा!" महाराजांनी टाळ्याचा हात उलगडला. "तुमच्या-माझ्या हातावर आडव्या रेषा दोन. एक बुद्धीची, एक काळजाची. याला एकच! डॉक्टरही म्हणतात, या पोरांत काहीतरी जास्तीचं असतं. म्हणतात की नाही? पण त्यांना ते नुसतं दिसतं. काढतो आम्ही!"

त्यांनी वाटीतल्या पाण्यात पीस बुडवून टाळ्याच्या तळहातावर आडवं ओढलं. पाणी अगदी स्वच्छ, काचेसारखं.

"महाराज, हे साधं पाणी आहे का हो?" ताईने शक्य तेवढ्या भोळ्या आवाजात विचारलं.

"मंत्राचं पाणी, बाळ. निर्मळ माणसाच्या अंगाला लागलं तर डागसुद्धा पडत नाही. जास्तीचं असतं तिथेच काळं होतं."

ताईला शाळेची प्रयोगशाळा आठवली. रसायनशास्त्राच्या बाईंची दोन बोटं नेहमी काळी असत. "चांदीच्या एका क्षाराच्या पाण्याने झालीत," त्या सांगत. "दिसायला पाणीच. हाताला लागलं आणि उन्हात गेलं की काळं." मग महाराजांना एवढ्या उकाड्यात हातमोजे कशाला?

तिने खिशातून रुमाल काढला. गुपचूप वाटीत बुडवावा म्हणून हात पुढे केला, एवढ्यात टाळ्याने तिचं काम हलकं केलं.

"टाळी दे!" तो महाराजांना म्हणाला.

महाराज हसले, पण हात पुढे करेनात. मग टाळ्याने पंजा वाटीत बुचकळला आणि थेट त्यांच्या गालावर हाणला. फाटकन!

अंगण हसलं. महाराजांचा चेहरा मात्र पिठासारखा झाला. ते घाईघाईने बाहीने गाल टिपू लागले.

"महाराज, आज तुम्हीच याला उन्हात घेऊन चला ना," ताई मोठ्याने म्हणाली. "तुमच्या हातून रेषा उमटू दे."

"नको, नको, आमच्या ध्यानाची वेळ..."

"अहो, असं कसं? चला महाराज!" आत्या गहिवरली. आणि भक्तीचा असा काही पूर आला की चार धट्ट्याकट्ट्या भक्तांनी महाराजांना खुर्चीसकट उचलून भर उन्हात नेऊन ठेवलं. "सोडा रे! खाली ठेवा! सावलीत ठेवा!" महाराज ओरडत होते.

हळूहळू गाल तांबूस झाला. मग तपकिरी. मग काळा. पाच बोटांचा इवलासा पंजा महाराजांच्या गालावर ठसठशीत उमटला.

सगळे पुढे वाकून बघू लागले.

"अगं बाई," एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे महाराजांच्यातच काहीतरी जास्तीचं आहे!"

"थापा जास्त आहेत, आजी," ताई म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "हे चांदीच्या क्षाराचं पाणी आहे. कुणाच्याही कातडीला लावा, उजेडात काळं पडतं. माझ्या, तुमच्या, कुणाच्याही. हातमोजे काढा महाराज, बोटं दाखवा!"

महाराजांनी हात पाठीमागे लपवले. जमलेल्या लोकांना तेवढं पुरलं.

"आणि एकच रेषा म्हणजे रोग नव्हे. चांगल्या धडधाकट माणसांच्या हातावरही असते. आत्या, तुझा उजवा हात दाखव की! मेंदी काढताना मी पाहिलाय."

आत्याने हात उघडला. तिने जन्मभर तो कधी नीट बघितलाच नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, एकुलती एक रेषा. तिने घाईघाईने मूठ मिटली.

"मग जास्तीचं असतं ते काय?" पप्पांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

उत्तर आईने दिलं. डॉक्टरांनी तिला तिच्याच दुकानाच्या भाषेत समजावलं होतं, पण घरात आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"आपलं शरीर कसं घडवायचं याचं एक पुस्तक शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. त्यात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. याच्या एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन आली. पहिल्याच प्रतीत एक पान जास्तीचं लागलं. मग त्या प्रतीवरून जेवढ्या प्रती निघाल्या, सगळ्यांत ते पान आलं. हे बहुतेक वेळा योगायोगाने होतं, कुणाच्याही पोटी होऊ शकतं. माझ्या मशीनच्या उजेडाने नाही, वन्सं. कुणाच्या पापानेही नाही. आणि पुस्तकाच्या वेष्टनावर रेघ मारून आतलं पान निघत नाही."

एवढं सगळं आई खाली न बघता बोलली.

मघाच्या त्या बापाने थुंकी लावून लेकीच्या हातावरची रेषा पुसून पाहिली. जाईना. तो बराच वेळ घासत राहिला.

पप्पांनी मोबाईल खिशात टाकला.

सोमवारी टाळ्याने ऑपरेशनच्या खोलीत जाताना डॉक्टरीणबाईंकडे टाळी मागितली. त्यांनी दिली. हातावरचा मंत्राचा काळा डाग तोवर फिकटला होता, जन्माची एकुलती रेषा होती तिथेच होती. भोक बुजलं. डाऊन सिंड्रोम गेला नाही, जाणारही नव्हता. आता टाळ्या जिने चढतो, न धापा टाकता. अक्षरं शिकतो, सावकाश, पण शिकतो.

तेव्हा कुणी तुमच्या लेकरातलं 'जास्तीचं' काढून देतो म्हणाला, तर आधी त्याचंच पाणी त्याच्या गालाला लावा आणि त्याला उन्हात बसवा. मग लेकराला घेऊन डॉक्टरांकडे जा, पुढे शाळेत घाला. आणि त्याने टाळी मागितली, तर द्या.