खोकणारी घंटा

भुंग्यात दोष एकच होता, पण तो चांगला ठसठशीत होता. त्याला एका जागी बसवत नसे. लहानपणी ताईने त्याला हे नाव ठेवलं ते याचमुळे. पुढे तो रेल्वेच्या सिग्नल खात्यात मेकॅनिक झाला, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी नाव काही सुटलं नाही. कुठे एखादा स्क्रू जरा कुरकुरला की याच्या हातांना खाज सुटायची. न बिघडलेल्या वस्तूसुद्धा त्याने दुरुस्त केल्या होत्या आणि त्यातल्या काही त्यानंतर बिघडल्या होत्या.

आज त्याने जे दुरुस्त केलं ते मात्र खरोखरच बिघडलेलं होतं. ताईच्या घराजवळ एक पायवाट रूळ ओलांडून जाते. फाटक वगैरे काही नाही. दोन लायनी शेजारी शेजारी आहेत. मुख्य लायनीवरून गाड्या सुसाट जातात. दुसरी गोदामाची, तिच्यावर मालडबे रमतगमत ढकलले जातात आणि त्यांच्यापुढे एक माणूस झेंडी घेऊन चालतो. दोन्ही लायनींचे खांब जवळजवळ, प्रत्येकावर दोन लाल दिवे आणि वर विजेची घंटा. डबे हलत असतील तोवर गोदामाची घंटा खणखणत राहते आणि तिला कुणी भीक घालत नाही. झेंडीवाल्याला हात केला की तो थांबतो, लोक खुशाल पलीकडे जातात. मुख्य लायनीची घंटा वाजली की मात्र जागच्या जागी उभं राहायचं.

तर ही मुख्य घंटा कित्येक वर्षं खोकत होती. तिच्या लोखंडी वाटीला तडा गेला होता. हातोडी आपटली की टणटण व्हायच्या ऐवजी खर्र-खर्र, खर्र-खर्र असा जुनाट खोकल्यासारखा आवाज यायचा. “तुमच्या म्हातारीला काहीतरी औषध द्या हो,” असं येणारे-जाणारे भुंग्याला चिडवायचे आणि ते त्याला फार झोंबायचं. ताई तेवढी म्हातारीच्या बाजूची. “खोकू दे रे तिला, तुझं काय जातंय?” दर वेळी हेच. धाकट्या भावाच्या खोड्या काढायची हिची सवय काही जात नाही, असं भुंग्याला वाटायचं.

अर्जांवर अर्ज करून अखेर नवी वाटी आली. आज सकाळी त्याने शिडी लावून ती चढवली आणि बटण दाबून वाजवून पाहिली. काय तो आवाज! खालून जाणारा एक फळवाला मान वर करून “वा!” म्हणाला. भुंग्याची छाती फुगली. जुनी वाटी त्याने हत्यारांच्या पिशवीत टाकली आणि दुपारी थेट ताईचं घर गाठलं. ताई रुळांपलीकडे शिंपी मास्तरांच्या दुकानात काजं-बटणं आणि हातशिलाई करते, आणि जेवायला घरी येते. ती दारात आली की विचारायचं, ऐकलंस का? एवढीच त्याची हौस होती.

ताई अजून आली नव्हती. एक किल्ली त्याच्याकडे असायची, पण ती वापरायची वेळ कधी आली नव्हती. तो यायचा तोच उभ्या उभ्या, आणि ताई बाहेरच्या पायरीवरच गप्पा मारून त्याला वाटेला लावायची. आज तो आत शिरला, बसला, उठला, पुन्हा बसला. मग म्हणाला, चहा तरी टाकू.

स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे तिथे भर दुपारीही अंधार. त्याने बटण दाबलं. दिवा लागला नाही. बाहेरच्या खोलीतलं दाबलं, तिथेही नाही. न्हाणीतला बल्ब काढून पाहिला तर आतून काळाठिक्कर, आणि होल्डरपासून वायरीपर्यंत कोळ्याने निवांत संसार मांडलेला. तिन्ही बल्ब गेलेले. विजेवर पोट भरणाऱ्या माणसाच्या बहिणीच्या घरात एक दिवा लागू नये, याचा त्याला आधी रागच आला. एक फोन केला असता तर काय हात झिजले असते हिचे?

तो अंधारातच साखर शोधू लागला. हाताला दोन सारखे डबे लागले. एकाला एक रबरबँड लावलेलं, दुसऱ्याला दोन. गॅसच्या बटणावर दोऱ्याची गाठ, बंद असताना ती बरोबर वर येईल अशी. डोळे अंधाराला सरावल्यावर फळीवर ताईचा चष्मा दिसला, काचांवर इतकी धूळ की बोटाने नाव लिहावं. शिलाईच्या उशीवर सुयांची रांग, आणि झाडून सगळ्या सुया आधीच ओवून ठेवलेल्या. भुंगा त्या सुयांकडे बघत राहिला. मागे एकदा फोनमधला पोरीचा फोटो म्हणून त्याने चुकून मीटरचा फोटो ताईपुढे धरला होता, आणि ताई म्हणाली होती, “अगदी तुझ्यावर गेलीय.” घरी जाऊन तो बायकोला सांगत पोट धरधरून हसला होता. तो फोटो त्याला आता आठवला.

ताईला दिसत नव्हतं.

आणि ते ‘खोकू दे रे तिला’ ही खोडी नव्हतीच. खोकली की थांबायचं, खणखणली की गोदामाची, चालू लागायचं. सगळं गाव डोळ्यांनी दिवे बघत होतं, आणि ताई एका चिरलेल्या वाटीच्या जिवावर रस्ता ओलांडत होती. ती वाटी आता त्याच्या पिशवीत होती.

तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. टणटणटणटण, अगदी स्वच्छ.

कुठली? भुंगा हातातलं पातेलं तसंच धरून उभा राहिला. गोदामाच्या उंच भिंतीवर आपटून आवाज सगळीकडून येत होता. त्याने कान टवकारले, डोळे मिटले, पण सकाळी स्वतःच्या हाताने चढवलेली घंटा त्याला काही केल्या ओळखता येईना. त्याने पातेलं टाकलं आणि हत्यारांची पिशवी उचलून चपला न घालताच पळत सुटला.

तो पोहोचला तेव्हा मुख्य लायनीचे दिवे लुकलुकत होते आणि गाडी धडधडत चालली होती. पलीकडचं काही दिसेना. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा, संपेचना ती गाडी. शेवटचा डबा गेला आणि त्याला रुळांमधल्या खडीत ताईची पिशवी दिसली. एक बंद तुटलेला, कापडाचे तुकडे विखुरलेले, बटणांचा डबा फुटून रंगीबेरंगी बटणं पार दूरवर उडालेली.

“ताई!” तो ओरडला. “ताई गं!”

“ओरडू नकोस,” पलीकडून आवाज आला. “बहिरी नाहीये मी.”

ती गोदामाच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. चेहरा उन्हाने लालबुंद, ओठ सुकलेले, मुठीत पिशवीचा तुटका बंद. भुंगा धावत गेला आणि तिचे दोन्ही हात धरले. तिने झटकन सोडवून घेतले.

“कधीची उभी आहेस?”

“आत्ताच आले.”

“आणि पिशवी तिकडे कशी गेली?”

“पडली.”

“ताई, तुला दिसत नाही.”

“काहीतरीच! दिसतं की चांगलं. आज ऊन जरा जास्त आहे, एवढंच.”

“घरातले बल्ब गेलेत. तिन्ही.”

तिने त्याच्याकडे चेहरा वळवला, तोही जरा चुकीच्याच बाजूला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “कधीपासून?”

भुंग्याला रडू फुटलं. आपला राग आपल्यालाच आलेला माणूस रडतो तसा तो रडला, नाक ओढत आणि खडीला लाथा मारत. शेवटी ताईनेच सांगून टाकलं. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. भर उन्हाचा उजेड तेवढा कळतो, समोर माणूस आहे की खांब तेवढं कळतं. मास्तरांना माहीत आहे, सुया तेच ओवून देतात.

“आज म्हातारी खोकलीच नाही,” ती म्हणाली. “खणखण ऐकली, म्हटलं गोदामाची. एक पाय पुढे टाकला आणि गाडी अशी तोंडासमोरून गेली. पिशवी हिसकावून नेली रे तिने माझ्या हातातून. मग मागे सरले ती इथेच. त्यानंतरही वाजत होत्या, पण कुठली कोण तेच कळेना.”

“कुणालातरी हाक मारायचीस ना! इतकी माणसं जातात.”

“आणि काय सांगायचं? दुपारी गावभर झालं असतं. संध्याकाळी तुझ्या कानावर आलं असतं, आणि उद्या सकाळी तू टेम्पो घेऊन हजर. ‘चल ताई, आता आमच्याकडेच राहायचं.’”

खोटं कशाला, पळत येता येताच भुंग्याने मनातल्या मनात आपल्या घरातली मागची खोली रिकामी करून टाकली होती, पलंग कुठे लावायचा तेही ठरवलं होतं.

“वहिनी गुणाची आहे,” ताई म्हणाली. “पण तुम्ही मला खुर्चीत बसवाल. जरा उठले की म्हणाल, बसा, आम्ही देतो. इथे मला भिंतीतला खिळा न् खिळा माहीत आहे. तू सांग, तुला तरी बसवलं असतं का दिवसभर एका जागी?”

आयुष्यात प्रथमच भुंग्याला आपला दोष दुसऱ्याच्या बाजूने दिसला. त्याने डोळे पुसले आणि पिशवीतून जुनी वाटी काढली. उजेडात धरली तर तडा पार काठापर्यंत आलेला. ही पुन्हा चढवली तर कधीतरी तुटून कुणाच्या तरी टाळक्यात पडेल.

“हिच्यात राम नाही राहिला. मग असं करू का? नवी राहू दे तशीच, गोदामाची खोकेल असं काहीतरी करतो.”

“म्हणजे मी उद्यापासून सगळं उलटं चालू? शहाणाच आहेस.”

तो मुकाट्याने रुळांमधून तिची पिशवी घेऊन आला. तुकड्यांत जुन्या कोटाच्या कोपराला लावायचं चामडं होतं. ताईच्याच कात्रीने त्याने त्याची दोन गोल चकत्यांसारखी वायसरं कापली. मग सकाळपासून खांबालाच टेकवलेल्या शिडीवर चढला, नव्या वाटीच्या मागेपुढे ती बसवली, नट आवळला आणि बटण दाबलं. वाटी गुदमरल्यासारखी वाजली.

“अं हं,” खालून ताई म्हणाली. “हिला सर्दी झालीय. मला खोकला हवा.”

त्याने नट सैल केला.

“आता मोठ्याने बोलतेय, पण खोकत नाहीये.”

त्याने हातोडी वाटीला जवळजवळ टेकवली, इतकी की ठोका मारून परतताना ती पुन्हा घासावी. ताई मान तिरकी करून ऐकत होती आणि भुंग्याचा पाना तिच्या शब्दासरशी इकडे-तिकडे वळत होता. येणारे-जाणारे बघायला लागले. सकाळचा फळवाला पुन्हा तिथूनच चालला होता. “अहो, चांगली होती की! बिघडवली कशाला?” तो म्हणाला. भुंग्याने खाली बघितलंसुद्धा नाही.

खर्र-खर्र. खर्र-खर्र.

“हीच,” ताई म्हणाली आणि तिचा चेहरा सैलावला. “हीच माझी म्हातारी.”

घंटा तशीच वाजती ठेवून भुंगा मास्तरांच्या दुकानापर्यंत पळत जाऊन आला. घंटा तिथवर खणखणीत नाही, पण खरखरीत ऐकू येत होती. मग त्याने ती बंद केली आणि ताईपुढे दंड धरला. ताईने तो चाचपला आणि बाजूला केला.

“तू हो पुढे.”

“ताई, आज तरी...”

“आजच. आज हात धरलास तर उद्या मला एकटीला यायची भीती वाटेल.”

तो एकटा पलीकडे गेला आणि वळून उभा राहिला. ताई पुढे आली, आणि नेमकी म्हातारी खोकायला लागली. ताई थांबली. रुळांपासून चांगली दूर, पाय जुळवून, हनुवटी वर करून. भुंग्याचं सगळं अंग तिच्याकडे धाव घेत होतं. त्याने तिथल्या एका विजेच्या खांबाला मिठी मारली आणि स्वतःला तिथेच धरून ठेवलं. गाडी आली, मध्ये भिंतीसारखी धडधडत राहिली आणि गेली. खोकला थांबला. ताईने क्षणभर कान दिला, मग पायाने रूळ चाचपला आणि सावकाश, एकेक पाऊल टाकत दोन्ही लायनी ओलांडून त्याच्यापर्यंत आली.

“वहिनीला काय सांगशील?” तिने विचारलं.

“काय सांगायचंय? घंटा बिघडली होती, दुरुस्त केली.” मग त्याला राहवलं नाही. “पण मी रोज येणार. ते तू नाही म्हणायचं नाही.”

“माहीत होतं मला,” ताई म्हणाली आणि घराकडे वळली. “मग कोपऱ्यावरून तीन बल्ब घेऊन ये.”

“तुला काय करायचेत?” त्याच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

ताई हसली. “मला नकोत रे. पण तू काही एका जागी बसायचा नाहीस. माझ्या घरात ठेचकाळून पडशील.”