चढावर मी बंद पडायचो

मित्रांनो, मी एका लहानशा मोटारीचं म्हातारं इंजिन आहे. मला घडवलं ते पेट्रोलवर चालण्यासाठी, पण अर्धं आयुष्य सरल्यावर मला गॅसवर चालायला लावलं. डिकीत गॅसची टाकी बसली आणि माझ्याकडे येणाऱ्या गॅसच्या नळीवर एक छोटा स्क्रू आला. तो फिरवला की गॅस कमीजास्त होतो. एवढ्याशा त्या स्क्रूपायी माझ्यावर मान खाली घालायची वेळ आली.

तरुणपणी माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की मालक बॉनेट उघडून माझा आवाज ऐकवत. गॅस आल्यावर मी जरा कुरकुरू लागलो, तेव्हा त्यांनी मला मेकॅनिककडे न्यायला हवं होतं. पण आपल्या गाडीचं आपल्याला कळत नाही होय, म्हणत ते स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन अंगणात उतरले. हवेच्या फिल्टरचं झाकण काढायचे, फिल्टर बाजूला ठेवायचे आणि कान देऊन स्क्रू फिरवायचे. आवाज मनासारखा लागला की तोच धुळीने भरलेला फिल्टर परत बसवून झाकण लावायचे.

घोटाळा तिथेच होता. झाकण उघडं असताना मी मोकळा श्वास घेई आणि गॅस त्या श्वासाच्या मापाने ठरे. झाकण लागलं की हवा कमी, गॅस मात्र तेवढाच. सपाट रस्त्यावर मी कसंबसं निभावून नेई. चढावर माझा जीव घुसमटे.

मालकांच्या ऑफिसच्या वाटेवर चढ नव्हताच. तो होता वहिनींच्या वाटेवर. मालकीणबाईंना सगळे शेजारी वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. टेकडीवरच्या दवाखान्यात नेऊन त्यांच्याकडून व्यायाम करवून घेतला नाही, तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनी चाळिशीत गाडी शिकल्या त्या यासाठी.

आणि भर चढावर मी बंद पडलो. वहिनींनी पुन्हा चालू केलं, मी आचके देऊन पुन्हा गप्प. मागे हॉर्नचा गलका झाला. पेट्रोलवर जावं तर ती टाकी मालकांनी कोरडी ठेवलेली. शेवटी दोघातिघांनी मला ढकलून कडेला लावलं. सासूबाई सुनेचा खांदा धरून, थांबत थांबत उरलेला चढ चढल्या. ते पाहताना मला माझीच लाज वाटली.

घरी मालक म्हणाले, "अगं, क्लच फार लवकर सोडतेस तू. माझ्या हातात कधी बंद पडते का?"

"अहो, जोर दिला की उलट गुदमरते ती. गॅसचा वासही येतो."

"गाडीला नावं ठेवू नकोस. परवाच ट्यून केलीय मी."

"तिला कशाला बोलतोस रे?" सासूबाई म्हणाल्या. "मी मागे बसले होते. नीट चालवत होती ती."

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

मला कळत होतं, पण मला बोलता कुठे येतं? पुढेही असंच होत राहिलं. एके दिवशी वहिनींनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "माझ्याच्याने नाही होत हे." सासूबाईंचा व्यायाम बुडू लागला. घरातून ऐकू येणारा त्यांच्या काठीचा आवाज अधिकच जड झाला. तो आवाज ऐकत मी अंगणात शरमेने उभा असे.

मग दवाखान्यातून आईचा एक्स-रे आणायला मालक एकटेच निघाले. त्याच चढावर मी त्यांच्याही हातात बंद पडलो. त्यांनी आधी कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. बॉनेट उघडून झाकण आणि फिल्टर काढला, तर मी छान सुरू झालो. दोन्ही परत लावलं, मी गुदमरलो. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग फिल्टर रस्त्याकडेच्या कठड्यावर आपटला, तर धुळीचा लोट उठला. मला वाटलं, आता हे घरी जाऊन वहिनींना सांगतील.

त्यांनी नवा फिल्टर आणून बसवला, झाकण लावलं आणि मगच स्क्रू फिरवला. घरी मात्र एवढंच म्हणाले, "उद्या चालवून बघ परत. क्लच सावकाश सोड, म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी मी एका दमात चढ चढलो. वहिनींचे डोळे भरून आले. "आई, जमलं मला," त्या म्हणाल्या. "माझाच पाय चुकत होता हो." संध्याकाळी त्यांनी हेच मालकांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "सांगत नव्हतो मी?"

आता सासूबाई काठीशिवाय फाटकापर्यंत येतात. चढ संपला की वहिनी डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणतात, "सांभाळून घेतलंस रे बाबा." त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना वेळच्या वेळी नवा फिल्टर द्या, आणि ट्यून करताना झाकण लावलेलं असू द्या. गाडी बंद पडली तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी बॉनेट उघडा. आणि चूक आपली निघाली, तर घरी जाऊन तेवढं सांगा. मला तोंड असतं तर मी कधीच सांगितलं असतं. मालकांना तर आहे.