सुरकुत्या पुसणारा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, खिशात मावणारा, आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे म्हणाल, याने गोड बोलून बसवलं आणि मग ओरडला.

माझा जन्म सुवा तळ्याच्या काठी एका कारखान्यात झाला. दुकानात जाण्यासाठी नव्हे, परीक्षा देण्यासाठी! नवा कॅमेरा बाजारात आणायच्या आधी त्याचे दहा-बारा नमुने बनवतात आणि त्यांचे फोटो कसे येतात ते महिनोन् महिने तपासतात. मी त्यातला सातवा. माझ्या पाठीवरच्या पांढऱ्या पट्टीवर सात लिहिलेलं आहे, तेच माझं नाव. मला नाव ठेवायला कुणाला सवड नव्हती. बाहुलीला मात्र ठेवलं.

हो, बाहुलीला! आमची तपासणीची खोली सगळी काळी होती. भिंती काळ्या, पडदे काळे, तपासणाऱ्या ताझुको बाईंचा अंगरखासुद्धा काळा, म्हणजे कशाचाही उजेड फोटोत परतून येऊ नये. मला ट्रायपॉडवर आवळून बसवायचे. समोर कधी बारीक रेघांचा तक्ता, कधी चोवीस रंगीत चौकोनांचा, आणि कधी ती प्लास्टिकची बाहुली. खांद्यापर्यंतच होती, नायलॉनच्या केसांची. तिचं नाव युकिको-सान, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तशी युकिकोताई. सकाळी आत येणारा प्रत्येक जण तिला वाकून "युकिको-सान, आजही त्रास देतो हं" म्हणायचा. मी दिवसाला सहाशे फोटो काढायचो. मला कुणी कधी "बस जरा" म्हटलं नाही.

ताझुको कोगुची बावीस वर्षं हेच काम करत होत्या. दिवे हळूहळू मंद करायच्या, फोटो काढायच्या, मग तो मोठा करून रेघा मोजायच्या. कुठपर्यंत दोन रेघा वेगळ्या दिसतात आणि कुठून त्यांची लापशी होते, ते लिहून ठेवायच्या. उजेड कमी झाला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे उठतात. ते दाणे पुसण्याची करामत माझ्या पोटात घातलेली होती आणि तिचा जोर आठवर ठेवलेला होता. त्यामुळे तक्त्यावरच्या काळ्या रेघा ठळक यायच्या आणि युकिको-सानचा गाल लोण्यासारखा यायचा. शंभरांपैकी एक्क्याण्णव गुण! विभागप्रमुख मियासाका साहेब तर नुसते नाचायचे बाकी होते.

आता मला सांगा, बाहुलीच्या गालावर पुसायला होतं तरी काय?

ताझुको बाईंचे वडील गेंजिरो सत्याऐंशी वर्षांचे होते. त्याच गावात चाळीस वर्षं त्यांनी भिंगं घासली. एकदा काचेची कपची उडून त्यांची डावी भुवई चिरली, तिचा व्रण कायम राहिला. त्यांनी लेकीमागे एकच धोशा लावला होता. मेल्यावर देवघरात, आधीच गेलेल्या बायकोच्या फोटोशेजारी आपला फोटो लागणार, तो जिवंतपणीच काढून ठेवायचा, आणि तोही लेकीने पास केलेल्या कॅमेऱ्यानेच. तिकडे यात कुणाला काही अशुभ वाटत नाही. म्हातारी माणसं चांगला कोट घालून मुद्दाम फोटो काढून घेतात.

म्हणून एका रविवारी बाईंनी परवानगीची चिठ्ठी घेऊन मला घरी आणलं. गेंजिरो खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजावरच्या रजईत पाय घालून, अंगात एकुलता एक कोट चढवून बसले होते. बाहेर आभाळ, घरात एकच दिवा.

"काढतेस का रेघा मोजतेस?" ते म्हणाले. "मी इथेच संपायचो!"

"बाबा, हलू नका."

"हललो नाही. तोंड हललं."

मी जीव तोडून फोटो काढला. माझा पहिला जिवंत माणूस होता तो. बाईंनी फोटो संगणकावर मोठा करून दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा पुसला, पुढे सरकला, मागे सरकला.

"हा कोण?"

"बाबा, तुम्हीच."

"मी? हे उकडलेलं अंडं आहे. भुवईचा व्रण कुठे गेला? कपाळाच्या आठ्या कुठे गेल्या?" मग देवघराकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझ्या आईचा फोटो बघ, एकेक रेघ जागेवर आहे. तिच्याशेजारी हा गुळगुळीत बाप्या बसवलास तर लोक म्हणतील, म्हातारीने मेल्यावर दुसरा केला!"

बाई हसल्या नाहीत. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी जाणून केलं नव्हतं हो! मला शिकवलं होतं की तक्त्यावरची काळी सरळ रेघ ती खरी, बाकी जे काही बारीक आणि वाकडं दिसेल ते दाणे, पुसून टाक. मी सत्याऐंशी वर्षं पुसून टाकली. त्या काळ्या खोलीतल्या एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकालाही माझ्यासमोर जिवंत म्हातारा बसवावासा वाटला नाही. संताप येतो तो याचा.

आम्हा नमुन्यांच्या पोटातले आकडे बदलता येतात. बाईंनी त्या जोराचा आकडा आठवरून तीनवर आणला. पुन्हा फोटो काढला. थोडा रवा सांडला, पण व्रण आला, आठ्या आल्या, डोळ्यांखालच्या पिशव्यासुद्धा आल्या.

"हां, हा मी," गेंजिरो म्हणाले. "कुरूप आहे, पण ओळखीचा आहे. आता हाच कॅमेरा विका. माझ्यासारखी पुष्कळ आहेत."

"मी पास करीन तो हाच," बाई म्हणाल्या. वडिलांना दिलेला शब्द होता तो.

सोमवारी त्यांनी तीनच्या आकड्यावर सगळी परीक्षा पुन्हा घेतली. गुण आले चौऱ्याऐंशी. मियासाका साहेबांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अहो बाई, कॅमेऱ्यांना गुण देणारे मासिकवालेसुद्धा तक्त्यावरच तपासतात. सात गुण कमी म्हणजे नाक कापलं गेलं की आपलं!"

"साहेब, फोटोतून माणूस नाहीसा होतोय."

"नाहीसा कुठे? तरुण होतोय! मी चौथा नमुना घरी नेला होता. आमच्या आईचा फोटो काढला, वीस वर्षांनी लहान दिसली. इतकी खूश झाली म्हणून सांगू! आठच ठेवा आणि शिक्का मारा."

आता हा शिक्का काय ते ऐका. तिकडे सहीऐवजी प्रत्येक जण आपल्या नावाचा शिक्का मारतो; त्यासाठी अहवालाच्या तळाशी चौकोनांची रांग असते. डाव्या टोकाला साहेबाचा शिक्का, उजवीकडे हाताखालच्यांचे. हाताखालच्याने आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो साहेबाच्या शिक्क्याला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. बाईंनीही बावीस वर्षं पाळलं.

त्या दिवशी त्यांनी आधी कागदावर लिहिलं, 'आठ या आकड्याला माझी संमती नाही.' मग शिक्का मारला, काठीसारखा सरळ.

साहेब कागदाकडे बघतच राहिले. "बाई, वरचे लोक हा कागद बघणार. शिक्का जरा वाकवला असता तर?"

"बावीस वर्षं वाकलाय साहेब. आज त्याची कंबर धरलीय."

वा! मला टाळ्या वाजवायला हात असते तर! पण झालं काय? वरच्यांनी आठच ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी! बाईंची बदली झाली खोके भरण्याच्या विभागात, प्रत्येक खोक्यात कॅमेरा मनगटाला अडकवायची दोरी आणि माहितीचं पुस्तक आहे की नाही ते बघायला. काम संपलं की नमुने फोडून टाकायचे असा तिथला नियम. बाईंनी आयुष्यातली पहिली चोरी केली आणि मला खिशात टाकून घरी आणलं. पोटात तीनचा आकडा तसाच होता. वसंतात माझी भावंडं आठचा आकडा पोटात घेऊन दुकानादुकानांत जाऊन बसली.

"मी शब्द पाळू शकले नाही, बाबा," त्या म्हणाल्या.

"माझ्यापुरता पाळलास," गेंजिरो म्हणाले. "बाकीच्यांचं वाईट वाटतं."

पुढच्या थंडीत, तळं गोठलं त्या आठवड्यात, गेंजिरो गेले. देवघरात बायकोशेजारी माझाच फोटो लागला, चिरलेल्या भुवईचा. बाईंनी मला त्याच्या खालीच ठेवलं, अजून तिथेच आहे मी.

आठवड्याने मियासाका साहेब भेटायला आले. उदबत्ती लावली, हात जोडले आणि मान वर करून फोटोकडे पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गुडघ्यांवर सरकत फोटोच्या अगदी जवळ गेले.

"हा कशाने काढला?"

"आपल्याच कॅमेऱ्याने. तीनच्या आकड्यावर."

साहेबांनी फोटोतल्या चिरलेल्या भुवईजवळ बोट नेलं. मग म्हणाले, "आई शरद ऋतूत गेली. तो मी काढलेलाच तिचा शेवटचा फोटो. तोच लावलाय. तिच्या हनुवटीवर तीळ होता बघा, लहानसा. लहानपणी मी त्याला बोट लावून झोपायचो. फोटोत तो नाही." आणि खाली मान घालून, हाताखालच्याने विचारावं तसं विचारलं, "कोगुची बाई, तो परत आणता येतो का?"

"नाही, साहेब. कॅमेऱ्याने जे पुसूनच टाकलं, ते आणायचं कुठून?"

साहेब वाकले. पार चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकले. कुणाला वाकले मला माहीत नाही. मी वर्षभर या क्षणाची वाट बघत होतो, चांगली जिरली म्हणणार होतो. तसं म्हणावंसं वाटलं नाही, आणि रागही गेला नाही.

तेव्हा मित्रांनो, घरी कॅमेरा आणाल तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर टिपून 'वा, काय स्पष्ट येतं' म्हणू नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला दिव्याखाली बसवा. फोटो काढा, मोठा करा आणि खरा चेहरा शेजारी ठेवून ताडून बघा. एकेक सुरकुती, एकेक डाग, एकेक तीळ. काही कमी भरलं तर 'छान तरुण दिसता' असली मखलाशी करू नका. दुसऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा काढा. आणि ते माणूस समोर आहे तोवर काढा. मागाहून माझ्याकडे विचारायला येऊ नका. मी रागीट आहे, आणि तीळ माझ्याकडे नाही.