कापायची बाजू

तिने ओलं फडकं पिळलं आणि बाथरूमच्या दाराशेजारची भिंत पुसायला घेतली. चौकटीपासून पाच-सहा इंचांवर, कमरेच्या उंचीला, पुन्हा तोच काळपट डाग. चाकाचा असेल, नाहीतर हाताचा. दर शनिवारी ती तो पुसायची आणि पुढच्या शनिवारी डाग हजर. चष्मा नेहमीसारखा स्वयंपाकघरात राहिला होता, आणि डाग बघायला चष्मा कशाला हवा? तिने दोनदा जोर देऊन घासलं आणि बादली उचलली.

आतल्या खोलीत मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडले होते. सुतारकामातली त्यांची सफाई बघून लोक त्यांना मिस्त्री म्हणायला लागले, आणि बावीस वर्षांच्या संसारात तीही चारचौघांत तेच म्हणू लागली. दहा महिन्यांपूर्वी छताचं काम करताना ते शिडीवरून पाठीवर पडले. मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला, कमरेखालची जाणीव गेली. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांनी गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसं ऐकून घेतलं होतं. मग तिच्याकडे बघून म्हणाले होते, “घरी आलो की बाथरूममध्ये चालत जाईन. बघ तू.”

तेवढं एक वाक्य तिने गाठीला बांधून ठेवलं होतं.

ते दार त्यांनीच केलेलं. बारीक अंगाची माणसं आपण, बाथरूमला कशाला हवं मोठं दार, असं म्हणत त्यांनी चार इंच वाचवले आणि डावीकडे तिच्यासाठी कपाट बसवलं. आता चाकाची खुर्ची त्या दारापेक्षा दीड इंच रुंद होती. रोज सकाळी ती त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत घ्यायची आणि ती खुर्ची पाठीमागून ओढत आत न्यायची. मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे. सुरुवातीला ते ‘सांभाळून’ म्हणायचे. दिवाळखोर माणसाने पैशांचं बोलणं सोडावं तसं हल्ली त्यांनी तेही सोडलं होतं.

मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, “दिवसभर काय करता?”

“वाट बघतो.”

“कशाची?”

“अंघोळ उरकायची.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. तिला भीती वाटत होती, आणि कशाची ते स्वतःशीही बोलायची तिची छाती नव्हती. गोळ्यांची डबी तिने आपल्या कपाटात, साड्यांमागे ठेवायला सुरुवात केली.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई स्पष्टच बोलल्या. “दार मोठं करून घ्या. स्वतःची अंघोळ स्वतः करायला लागले की निम्मं औषध झालं.”

“नको,” ती म्हणाली. “दार तोडलं तर त्यांना वाटेल, आम्ही आशा सोडली.”

“त्यांना विचारलंत?”

“त्यांचं बोलून झालंय.”

बाई शुक्रवारी व्यायाम संपवून मिस्त्रींना चाकाच्या खुर्चीत बसवून जायच्या. मग ती औषधं आणायला दवाखान्यात जायची. परत येईपर्यंत दोन तास लागायचे. खुर्ची खिडकीपाशी ठेवून जायची आणि आली की खिडकीपाशीच सापडायची.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी रंधा आला. हा मिस्त्रींचा भागीदार. लाकूड सोलणाऱ्या रंध्यासारखा समोर येईल त्याला बोलून बोलून सोलून काढायचा म्हणून रंधा. तासभर त्याने कारखान्यातल्या गमती सांगितल्या. मिस्त्रींनी दोन वेळा हूं केलं. चहा झाल्यावर तो हात धुवायला बाथरूमकडे गेला आणि दाराशीच थांबला.

“वहिनी, काम कधी काढताय?”

“कसलं काम?”

“हे काय. दादाने खूण केलीय की.”

ती चष्मा डोळ्यांवर चढवत आली. डाग आजही तिथेच होता. पण तो डाग नव्हता. पेन्सिलीची उभी रेघ होती, हातभर लांब, आणि तिच्या चौकटीकडच्या बाजूला बारीकशी फुली.

“फुली म्हणजे कापायची बाजू,” रंधा म्हणाला. “अशी तिरकी फुली तोच मारतो. आणि बघा, कपाटाला धक्का लावला नाही. सगळं उजवीकडून घेतलंय.” त्याने रेघेवरून नख फिरवलं. “किती वेळा मारलीय ही? रंगात चर पडलाय. दर वेळी तिथेच, एका सुताचा फरक नाही.”

तिची नजर भिंतीवरून हलत नव्हती. कोपऱ्यात बादलीच्या काठावर उद्याचं फडकं वाळत पडलं होतं. किती शनिवार झाले, याचा हिशेब करायचं तिने टाळलं.

ती आत गेली. पलंगाच्या कडेला बसली.

“अहो. मला वाटलं डाग आहे.”

मिस्त्रींची पाठ तिच्याकडे होती.

“मला वाटलं, तुला नको आहे,” ते म्हणाले. “रोज ओढून नेतेस, एका शब्दाने बोलत नाहीस. मी चालेन म्हणून थांबलीयेस. मग म्हटलं, पुसतेय तर पुसू दे.”

“मग परत का मारायचात?”

मिस्त्रींनी डोक्याखालची उशी सारखी केली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा की स्वतःचा ते नक्की कळत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “खुर्ची तर दीडच इंच मोठी आहे. एवढं रुंद कशाला?”

“बोटं,” मिस्त्री म्हणाले. “चाकं फिरवताना बोटं बाहेर असतात. उभ्या माणसाला नाही सुचत ते.”

बाहेरून रंधाने हाक मारली, “वहिनी, पेन्सिल असेल तर द्या. वरपर्यंत ओढून ठेवतो, उद्या करवत घेऊनच येतो.”

ती उठली, टेबलाचा खण उघडला, शिवणाचा डबा चाचपला. पेन्सिल कुठेच नव्हती.

“इकडे बघ,” मिस्त्री म्हणाले.

भिंतीकडचं तोंड न वळवता त्यांनी उशीखाली हात घातला आणि पेन्सिल मागे, तिच्या दिशेने धरली. बोटाएवढी उरली होती. टोक नुकतंच केलेलं होतं.